एकवीस जणींचा संसार

काही इंग्रजी शब्द मराठीत येऊन बाळसं धरतात, तर काही अगदीच वाळून जातात. ‘कॉन्व्हेंट’ हा दुसऱ्या जातीचा. मूळचा हा शब्द भला भक्कम, दगडी भिंतींचा आणि पहाटेच्या घंटेचा. आपल्याकडे आला आणि पिनाफोर, टाय आणि पाण्याची बाटली यांच्या गर्दीत असा हरवला, की पुन्हा सापडला नाही. एके काळी ‘वधू पाहिजे, वर पाहिजे’च्या रकान्यात ‘मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ असं छापून यायचं. त्याचा अर्थ एवढाच, की मुलगी वेळप्रसंगी सासूशी इंग्रजीतून भांडू शकेल. पुढे तर पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्ग भरवणाऱ्यांनीही ग्रामदेवतेचं नाव पुढे लावून कॉन्व्हेंटं काढली. त्यात व्रत कसलं असेल तर ते फी भरण्याचं, आणि तेही पालकांचं.

आता शाळेत गणित शिकवणाऱ्या आणि इस्पितळात दंडाला सुई टोचणाऱ्या नन्स आपण पाहिलेल्या असतात. गंमत अशी, की चर्चच्या काटेकोर हिशेबाने त्या ‘नन’ नव्हेतच. त्या ‘सिस्टर’, धर्मभगिनी. त्या जगात वावरतात, बसने जातात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात. खरी नन ती, जी एकदा मठाच्या आत गेली की बाहेर येत नाही. डॉक्टर, मतदान असली निकडीची कामं सोडली तर नाहीच. भेटायला आई आली तरी मध्ये जाळी. कार्मेलाइट, पुअर क्लेअर, बेनेडिक्टाइन असे यांचे अनेक पंथ. पंथापंथांत फरक पुष्कळ, पण भिंत सगळ्यांना समान.

संन्यास म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे आधी हिमालय येतो. संन्यास म्हणजे निघून जाणं. मराठी नवरा दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला, घरखर्चाची वही उघडली गेली, की ‘मी आता सरळ हिमालयात निघून जातो’ असं जाहीर करतो. जात कोणीच नाही, कारण तिथे थंडी फार आणि चहा कोण करून देणार हा प्रश्न. पण त्या धमकीतली मूळ कल्पना पाहा. माणसांचा ताप चुकवायचा आणि देवापाशी जाऊन बसायचं. गुहेत दुसरा कोणी नसतो हेच गुहेचं मुख्य आकर्षण.

या मठातल्या बायकांचा हिशेब बरोबर उलटा. त्या जगापासून दूर जातात खऱ्या, पण माणसांपासून नाही. उलट वीस-एकवीस जणी, एक भिंत, एक स्वयंपाकघर आणि मुदत मरेपर्यंत! ‘बरं वाटत नाही, चार दिवस माहेरी जाऊन येते’ हा मार्ग बंद. चाळीत वाढलेल्या माणसाला या गोष्टीतलं गांभीर्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गुहेतल्या साधूला काय, वाघाची भीती. वाघ एकदाच खातो.

एकवीस हा आकडा मी ठोकून दिलेला नाही. तो आविलाच्या तेरेसाबाईंचा. स्पेनमधल्या आविला गावात १५१५ साली जन्मलेली ही बाई वयाच्या विसाव्या वर्षी, वडिलांचा विरोध डावलून, घरातून पळून गेली आणि मठात दाखल झाली. आपल्याकडे मुली पळून जातात त्या दुसऱ्या कारणाने. पण वडिलांचा चेहरा दोन्हीकडे सारखाच झाला असणार. ज्या मठात ती गेली तो मठ म्हणजे मठ कमी आणि धर्मशाळा जास्त होता. दीडशेच्या वर बायका. ज्या घसघशीत हुंडा घेऊन आल्या (हो, देवाच्या घरीही हुंडा लागे) त्यांना स्वतंत्र खोल्या, हाताखाली मोलकरणी, नावापुढे ‘दोन्या’ ही मानाची पदवी. ज्या गरिबाघरच्या त्या सामाईक दालनात पथारी टाकून. पाहुण्यांची वर्दळ दिवसभर. सबंध गावातल्या बातम्या आधी मठात पोचायच्या आणि मग गावात.

तेरेसाबाईंनी यात पंचवीसएक वर्षं काढली आणि मग २४ ऑगस्ट १५६२ रोजी गावातच एक लहानसं घर घेऊन, चार जणींना बरोबर घेऊन वेगळी चूल मांडली. घर घेतलं तेही बहिणीच्या आणि मेहुण्याच्या नावावर, गुपचूप. कारण आधी कळलं असतं तर झालंच नसतं. कळल्यावर तर गावकऱ्यांनी थेट खटला भरला. उत्पन्न नाही, हुंड्याचा आग्रह नाही, मग या बायकांना पोसायचं कोणी? बाईंचं म्हणणं, देव पोशील आणि आम्ही सूत कातू. आणि संख्या? आधी तेरा. पुढे अनुभवाने वाढवून एकवीस, त्यावर एकही नाही. कारण त्यांचं स्वच्छ मत असं, की त्याहून जास्त बायका एकत्र आल्या की कोणी कोणाची मैत्रीण राहत नाही. सहकारी गृहरचना संस्थांचे उपविधी लिहिणाऱ्यांनी या बाईंचा सल्ला घ्यायला हवा होता.

या नव्या मठात अंगावर जाडाभरडा लोकरी झगा. त्या कापडात उवा फार होतील अशी सगळ्याजणींना धास्ती पडली. तेव्हा त्या सर्वांनी रात्री क्रूस हातात घेऊन, गाणी म्हणत मठातल्या मठात मिरवणूक काढली. मागणं काय, तर मोक्ष नव्हे, उवांपासून संरक्षण. तेरेसाबाईंनी त्यावर पद रचलं. तिथल्या परंपरेप्रमाणे तेव्हापासून त्या मठात ऊ नाही, आणि तो क्रूस आजही ‘उवांचा ख्रिस्त’ म्हणून ओळखला जातो. मला या बायका पहिल्यांदा आवडल्या त्या या मिरवणुकीमुळे. देवाजवळ काय मागावं याबद्दलचा त्यांचा संकोच पार गेलेला होता.

सगळ्यात विनोदाची गोष्ट म्हणजे भिंतीच्या आत कायम राहावं असा नियम घालणारी ही बाई स्वतः पुढे कित्येक वर्षं खेचरांच्या गाडीतून स्पेनभर हिंडत होती. मरेपर्यंत सतरा मठ उभे केले. पोपच्या वकिलाने ‘एका जागी न टिकणारी भटकी बाई’ म्हणून नावंही ठेवली. मृत्यूसुद्धा प्रवासात, आल्बा दे तोर्मेस या गावी ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री. त्याच रात्री जुनं कॅलेंडर संपून नवं सुरू व्हायचं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तारीख उजाडली १५ ऑक्टोबर. अंत्यविधीला अकरा दिवस उशीर झाल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. जिवंतपणी एक दिवस विश्रांती न घेतलेल्या बाईला कॅलेंडरने दहा दिवस रजा दिली म्हणायची.

मठात शिरायचं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. आधी नुसतं राहून बघायचं, मग उमेदवारी, मग तात्पुरती व्रतं, मग कायमची. २०१८ साली रोमने काढलेल्या नियमांप्रमाणे हे सगळं व्हायला कमीत कमी नऊ वर्षं लागली पाहिजेत. नऊ! आपल्याकडे बटाटेपोहे थंड व्हायच्या आत जन्माची गाठ पक्की होते. ‘मुलगा-मुलगी बाहेर गॅलरीत जाऊन दोन शब्द बोलून घ्या’ म्हणून जी दहा मिनिटं मिळतात, त्यात मी हिला ‘सिनेमा आवडतो का?’ एवढंच विचारलं होतं. इथे देवासारखं निर्वेध स्थळ, सासू असून नसल्यासारखी, तरी नऊ वर्षं विचार करा म्हणतात. आणि त्या नऊ वर्षांत कधीही ‘नको’ म्हणून परत जायची मुभा. मठही ‘नको’ म्हणू शकतो. आतल्या जणी गुप्त मतदान करून ठरवतात.

झगा घेण्याच्या दिवशी जुन्या रीतीप्रमाणे मुलगी नवरीसारखी नटायची. पांढरा पोशाख, डोक्यावर फुलं. मग आत जाऊन तो उतरवायचा, केस कापायचे आणि नाव बदलायचं. घर सुटलं, नाव बदललं, डोक्यावर पदर आला. ही सगळी यादी मराठी सुनेला ओळखीची वाटेल. फक्त तांदळात अंगठीने नाव लिहायचं तेवढं राहिलं. आणखी एक: कार्मेलमध्ये ‘माझं’ म्हणायचं नाही. ‘आमची खोली’, ‘आमची लेखणी’, ‘आमचा हातरुमाल’. वस्तू एकीच्याच वापरातली, पण मालकी सगळ्यांची. आपल्या बायका ‘आमचे हे’ म्हणतात त्यात मात्र हा अर्थ नसावा.

दिवस पहाटे पाचच्या सुमाराला सुरू. सामुदायिक प्रार्थना दिवसातून सात वेळा, शिवाय सकाळ-संध्याकाळ एकेक तास नुसतं गप्प बसून ध्यान. मधल्या वेळात काम. कोणी प्रार्थनेतला प्रसाद म्हणून लागणाऱ्या पातळ पोळ्या भाजते, कोणी पाद्रीबाबांचे झगे शिवते, कोणी मेणबत्त्या करते, कोणी बागेत कोबी लावते. मांस आजाराखेरीज वर्ज्य. उपासाचा काळ १४ सप्टेंबरला सुरू होतो तो ईस्टरपर्यंत, म्हणजे रविवार सोडले तर सहा-सात महिने दिवसातून एक जेवण आणि संध्याकाळी थोडंसं काही. आपला चातुर्मास चारच महिन्यांचा आणि त्यातही साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू आणि वर केळी. उपास संपला की माणूस हलका होण्यासाठी जेवायला बसतो.

जेवताना बोलायचं नाही. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कामातही मौन. मात्र दिवसातून दोनदा, एकेक तास, गप्पांची वेळ. आणि या गप्पा ऐच्छिक नाहीत! ‘मला आज मूड नाही, मी खोलीत पडते’ हे चालत नाही. हातात काहीतरी शिवणटिपण घेऊन सगळ्यांनी गोलात बसायचं आणि हसायचं-बोलायचं. तेरेसाबाईंच्या काळात तर गाणं-बजावणंही चाले. आविलाच्या मठात त्या वेळची वाद्यं अजून जपून ठेवलेली आहेत. बाईंचा अंदाज अचूक होता. माणूस चार तास गुडघ्यांवर बसू शकतो. कठीण असतो तो पाचवा तास, ज्या वेळी काल आपल्याला टोचून बोललेल्या बाईला ‘मग काय म्हणतेस?’ असं विचारायचं असतं.

हे ज्या पोरीने सगळ्यात स्वच्छ लिहून ठेवलं ती धाकटी तेरेझ. थोरली स्पेनची, धाकटी फ्रान्सची. दोघींत साडेतीनशे वर्षांचं अंतर. नॉर्मंडीतलं लिझ्यू हे तिचं गाव. तिच्या दोन थोरल्या बहिणी आधीच तिथल्या कार्मेलमध्ये गेलेल्या; हिनेही चौदाव्या वर्षी हट्ट धरला. लहान आहेस म्हणून सगळ्यांनी परत पाठवलं, तेव्हा ही वडिलांबरोबर रोमला गेली आणि १८८७ च्या नोव्हेंबरात थेट पोप तेराव्या लिओंच्या पायाशी बसून परवानगी मागायला लागली. बोलायला बंदी असताना बोलली, आणि उठायला तयार होईना, तेव्हा शिपायांनी उचलून बाहेर नेली. ९ एप्रिल १८८८ ला, पंधराव्या वर्षी, अखेर आत गेली. चोविसाव्या वर्षी क्षयाने तिथेच वारली. मधल्या नऊ वर्षांत काय घडलं? जगाच्या हिशेबाने काहीच नाही.

पण घडलं ते असं. ध्यानाच्या वेळी तिच्या मागे एक बहीण बसायची. ती तोंडाने की कशाने कोण जाणे, सतत एक चमत्कारिक बारीक आवाज करायची. संपूर्ण शांतता, संध्याकाळची वेळ, आणि मागे तो आवाज. तेरेझला वळून एकच जळजळीत कटाक्ष टाकावासा वाटे. (आपण नाट्यगृहात चिवड्याची पिशवी उघडणाऱ्याकडे टाकतो तसा.) तिने तो टाकला नाही. घाम फुटेपर्यंत सोसलं, आणि मग असं ठरवलं, की हा आवाज टाळण्यापेक्षा तो एखादं सुंदर संगीत असल्यासारखा लक्ष देऊन ऐकायचा. दुसरी एक बहीण धोबीघरात समोर उभी राहून रुमाल आपटताना मळकं पाणी नेमकं हिच्या तोंडावर उडवायची. हिने तोंड पुसायचंसुद्धा टाळलं, कारण पुसलं की त्या बाईला ‘बघ कशी उडवतेस’ असं सांगितल्यासारखं होतं. तिसरी एक म्हातारी, संधिवाताने वाकलेली, तिला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरात न्यायचं काम हिने मागून घेतलं. पटपट चाललं तर ‘पाडतेस मला’, हळू चाललं तर ‘तुझा हातच लागत नाही’. आपल्या घराघरांतून हे वाक्य अजून ऐकू येतं, फक्त फ्रेंचमधून नाही.

आणि चौथी, जी तिला मुळीच आवडत नसे. बोलणं, चालणं, स्वभाव, काहीच नाही. काहीतरी कारण काढून तिच्यासमोरून निघून जावं असं वाटे, आणि कधी कधी अगदीच असह्य झालं की ती निघूनही जाई. एरवी समोर आली की गोड हसायची. एके दिवशी त्या बाईनेच विचारलं, की माझ्यात तुला एवढं आवडतं तरी काय? या प्रसंगावर माझं फार प्रेम आहे. कित्येक संतांच्या चरित्रांत अग्नी, सिंह, राजे आणि तलवारी येतात. इथे शेजारीण येते.

मठातलं राजकारण वेगळंच. मठाची प्रमुख दर तीन वर्षांनी निवडून द्यायची आणि तेही गुप्त मतदानाने. फ्रान्समधल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९४४ साली. या जाळीआडच्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून मतपत्रिका टाकत होत्या. १८९६ च्या मार्चमध्ये लिझ्यूत निवडणूक झाली ती सातव्या फेरीला निकाली निघाली. मतदारसंख्या पाहता प्रचार, रुसवे-फुगवे आणि ‘मी तुला मत दिलं होतं हं’ या सगळ्याला किती वाव असेल ते ज्यांनी कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांनी ओळखावं. तेरेझला मात्र मत नव्हतं. एका घरातल्या दोघींहून जास्त जणींना मताधिकार नाही असा नियम, आणि हिच्या दोन बहिणी आधीच मतदार. घराणेशाहीवर एवढा साधा इलाज दुसरीकडे कोणाला सुचल्याचं दिसत नाही.

ती अंथरुणावर होती तेव्हा कोणीतरी म्हणालं, की ही गेल्यावर हिच्याबद्दल लिहायचं तरी काय, हिने काहीच केलेलं नाही. मठात कोणी वारलं की इतर मठांना तिची थोडक्यात हकिकत पाठवायची पद्धत होती, त्याची ही चिंता. त्या हकिकतीऐवजी तिच्याच वह्या छापून पाठवल्या, १८९८ साली, दोन हजार प्रती. १९२५ मध्ये ती संत झाली. १९२७ मध्ये, आयुष्यात धर्मप्रचाराला गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या या मुलीला चर्चने जगभरच्या धर्मप्रचारकांची आश्रयदात्री ठरवलं.

हे सगळं वाचताना मला राहून राहून बाबांची आत्या आठवायची. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी परत माहेरी, ती कायमची. लाल आलवण, एकवेळ जेवण, माजघर आणि मागचं परस एवढंच तिचं जग. ओसरीवर पाहुणे आले, की ती माजघराच्या दाराआड उभी राहून बोलायची. मठाच्या जाळीसारखंच ते दार. पहाटे चारला उठायची, जप करायची, मौन तर तिच्यावर इतरांनीच लादलेलं. वर्षभराच्या उपासांची बेरीज केली तर ती कार्मेललाही मागे टाकेल. फरक एवढाच, की तिला नऊ वर्षं सोडा, नऊ मिनिटंही कोणी विचार करायला दिली नव्हती. स्पेनमध्येही सगळ्याच नऊ वर्षं विचार करून गेल्या असं नाही. घरच्यांनी लोटलेल्या पुष्कळ होत्या. आणि १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ‘सर्व नन्स भिंतीआड’ असं फर्मावलं तेव्हा सभेत बायका किती होत्या? एकही नाही. म्हणून जाळी पाहिली की मी आधी एवढंच विचारतो: कडी कोणत्या बाजूने आहे?

आत्याआजी मात्र मोठी विनोदी बाई होती. कुणाची सून, कुणाचा नवरा, कुणाचं जावयाशी पटत नाही, याच्या तिने केलेल्या नकला ऐकायला आम्ही मुलं रात्री तिच्या घोंगडीवर गर्दी करायचो. त्या घरात तिच्या वाट्याला आलेला गप्पांचा तास तो तेवढा.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्या जगालाच मठ लाभला. तेव्हा परदेशातल्या काही मठवासिनींनी वर्तमानपत्रांतून लोकांना सल्ले दिले. दिवसाला वेळापत्रक बांधा, कामं वाटून घ्या, एकमेकांना थोडं गप्प राहू द्या, वगैरे. आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. पहिला आठवडा पत्ते खेळण्यात गेला, दुसरा पत्त्यांवरून भांडण्यात. तिसऱ्या आठवड्यात मुलगा कानात बोंडं घालून बसला. मी सौ.ला तेरेझची ती आवाजाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “अहो, मग तुम्ही चहा पिताना जो आवाज करता, तो मी गेली पस्तीस वर्षं काय म्हणून ऐकतेय असं वाटतं तुम्हाला?”

पुढे मुलाच्या नोकरीच्या निमित्ताने माद्रिदला जायचा योग आला, तेव्हा तिथला एक मठ पाहिला. पाहिला म्हणजे त्याचं दार पाहिलं. गावाच्या अगदी मध्यावर, थोरल्या चौकाच्या मागच्या गल्लीत. त्याला लोक ‘कार्बोनेरास’, म्हणजे कोळसेवाल्या, म्हणतात. मेरीमातेचं एक चित्र कोळशाच्या वखारीत सापडलं ते इथे आणलं म्हणून. या कार्मेलच्या नव्हेत, हिरोनिमाइट पंथाच्या. पण आत त्या आत. इथे नन्सनी केलेली बिस्किटं विकत मिळतात. घंटी वाजवायची, दार उघडतं, बोळातून पुढे जायचं, की भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट. उभं पिंप मध्ये कापून भिंतीत बसवावं तसं. पलीकडून आवाज येतो, माणूस दिसत नाही. तुम्ही मागायचं, पैसे कपाटात ठेवायचे, कपाट फिरतं, पैसे जातात आणि बिस्किटं येतात.

स्पेन-पोर्तुगालात मठांतल्या गोडाची ख्याती मोठी आहे, आणि त्याचं एक कारण मजेदार सांगतात. झग्यांना खळ द्यायला आणि दारू नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक लागायचा. मग उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं? त्यात साखर घातली. काटकसरीतून पक्वान्न काढायची ही विद्या सर्व देशांतल्या गृहिणींना उपजत असते. आमच्याकडे शिळ्या पोळीचा लाडू होतो तो याच न्यायाने.

मुलाने अर्धा किलो मागितलं. आतला आवाज म्हातारा, पण चांगला ठणठणीत आणि चक्क मिश्कील. काहीतरी बोलून तो हसला. मुलाने सांगितलं, “त्या म्हणताहेत, कुठून आलात?” मी हिंदुस्थान म्हणताच पलीकडे दोन-चार आवाज एकदम कुजबुजले. म्हणजे कपाटामागे एक नव्हे, चांगल्या चार-पाच जणी जमल्या होत्या! आणि त्यातून एक आवाज स्पष्ट इंग्रजीत, त्यातही आपल्या दक्षिणेतल्या वळणाच्या इंग्रजीत आला, “केरळला गेलायत कधी?” स्पेनमधल्या मठांत आता तिकडच्या मुली कमी आणि केरळच्या, केनियाच्या, लॅटिन अमेरिकेतल्या जास्त, असं वाचलं होतं, ते असं कानांवर आलं. पुढे काय बोलावं मला सुचेना. सौ. मात्र माझ्या पुढे झाली आणि फिरत्या कपाटाच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, “तिथे नारळ मिळतो का हो तुम्हाला?” आत मोठा हशा पिकला. नारळ मिळतो, पण डब्यातला. यावर दोन्ही बाजूंनी पुरेसा हळहळ व्यक्त होईपर्यंत मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती.

बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, “बाईचा आवाज छान होता. रोज गप्पांना वेळ ठरवून दिलेला असतो ना, त्याने राहतो तसा.” मी काही बोललो नाही. बिस्किटं तोंडात होती, हे एक कारण.

पण या मठांचे दिवस आता उतरणीचे आहेत. जगातले सर्वांत जास्त असे मठ स्पेनमध्येच, आणि एकेक करून बंद होताहेत तेही तिथेच. आत येणाऱ्या थोड्या, आणि आतल्या म्हाताऱ्या. रोमच्या २०१८ च्या त्याच नियमांत आणखी एक कलम आहे: मठातल्या जणी पाचवर आल्या, की आपली प्रमुख आपण निवडण्याचा त्यांचा हक्क संपतो. एकवीसवरून पाच. पाच जणींत कसली आली निवडणूक, हे खरंच. तरी ते कलम वाचून मला वाईट वाटलं.

हे उलटं मोजणं शेवटाला जातं कसं, ते पाहायला स्पेनलाच जायला पाहिजे असं नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिका म्हणून थोरला मठ आहे. १६०६ साली आर्चबिशप मेनेझिस यांनी त्याचा पाया घातला; पूर्वेकडचा नन्सचा पहिला मोठा मठ. जांभ्या दगडाची तीनमजली प्रचंड इमारत, रस्त्याच्या बाजूला टेकूला दिलेल्या जाडजूड भिंती. बेबिंका ही सात पदरांची मिठाई इथल्याच बेबियाना नावाच्या ननने पहिल्यांदा केली अशी दंतकथा गोव्यात सांगतात. १८३४ साली पोर्तुगाल सरकारने धार्मिक पंथांवर बंदी आणली. पुरुषांचे मठ ताबडतोब बंद झाले. बायकांना बाहेर काढलं नाही. फक्त नवीन कोणी आत घ्यायचं नाही, आहेत त्यांनी राहावं, आणि शेवटची गेली की दार लावावं. सरकारी खात्यातली रिकामी जागा न भरण्याची पद्धत तेव्हापासूनच चालत आलेली दिसते.

ती शेवटची गेली १८८५ साली. म्हणजे एक्कावन्न वर्षं. त्या अवाढव्य इमारतीत आधी दालनभर, मग एका ओळीत बसतील एवढ्या, मग पाच, मग तीन, मग दोघी. दोघींचं एकमेकींशी पटत होतं की नाही कोणास ठाऊक. आणि मग मागच्या बाकावर बसून चमत्कारिक आवाज करायला कोणी नाही, धोबीघरात तोंडावर पाणी उडवायला कोणी नाही, हळू चाल म्हणून खेकसायला कोणी नाही.

आता त्या इमारतीत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, आणि मातेर देई नावाची संस्था आहे, जिथे धर्मभगिनी शिकायला येतात. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. चांदीच्या समया, हस्तिदंती बाळ येशू, जरीचे झगे हे सगळं सौ.ने सावकाश पाहिलं. बाहेर येऊन समोरच्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याच्या सावलीत आम्ही बसलो. मी तिला त्या एक्कावन्न वर्षांचा हिशेब सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, शेवटी भांडायला तरी कोणी हवं होतं हो बिचारीला.”

तेवढ्यात पणजीची बस आली.